स्टारबक्सचं बिनसलं कुठे? नरसिंहन, शुल्ट्झ आणि आता निकोल

फिल्टरवाला (धागाकर्ता)

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर या विषयाचा निकाल कधीच लागलाय: स्टारबक्सनं पुण्याच्या माणसाचा बळी दिला. लक्ष्मण नरसिंहन पुण्यात वाढलेले, सीओईपी या तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून मेकॅनिकल केलेले, त्यामुळे तिथे वाद घालायची सोयच नाही. मार्च २०२३ मध्ये ते सीईओ झाले, ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांना घालवलं. त्यांच्या जागी ब्रायन निकोल येणार ही बातमी आली त्या दिवशी शेअर जवळजवळ २५ टक्के उसळला. १९९२ पासून बाजारात असलेला हा शेअर एका दिवसात एवढा कधीच चढला नव्हता. जाणाऱ्या माणसाची याहून जास्त शोभा ती काय व्हायची!

मला ही बळीची थिअरी अर्धीच पटते. गडबड नरसिंहन यांच्या आधीची आहे. ती कंपनी मोठी करणाऱ्या हॉवर्ड शुल्ट्झ यांच्याच कारकिर्दीत सुरू झाली, आणि शुल्ट्झ दर वेळी परत येत राहिले म्हणून कंपनीला आतून माणूस घडवायची गरजच वाटली नाही. जरा सविस्तर लिहितो, वेळ असेल त्यांनीच वाचा.

कंपनी १९७१ ची, सिएटलच्या पाइक प्लेस मार्केटच्या परिसरातली. जेरी बॉल्डविन, झेव्ह सीगल आणि गॉर्डन बाउकर अशा तिघांनी काढलेली. विकायचे ते कॉफीचे बीन्स, घरी नेऊन दळायचे. भाजायचं कसं हे बर्कलीच्या आल्फ्रेड पीट यांच्याकडून शिकले. शुल्ट्झ १९८२ मध्ये मार्केटिंग बघायला आले, १९८३ मध्ये मिलानला गेले आणि तिथले एस्प्रेसो बार बघून पेटूनच परतले. मालकांना हॉटेलवाले व्हायचं नव्हतं. मग शुल्ट्झ बाहेर पडले, 'इल जोर्नाले' नावानं स्वतःचे बार काढले आणि १९८७ मध्ये ३८ लाख डॉलरला स्टारबक्सच विकत घेतलं. मला आवडणारा तपशील पुढचा. स्टारबक्सनं मधल्या काळात पीट यांची 'पीट्स' घेतलेली होती. विकताना बॉल्डविन यांनी पीट्स स्वतःकडे ठेवली आणि स्टारबक्स दिलं. ज्याला कॉफीत रस होता त्यानं कॉफी ठेवली, आणि ज्याला दुकानात रस होता त्यानं दुकान नेलं.

शुल्ट्झ यांनी पुढे जे विकलं ते मुख्यतः बसणं होतं. खुर्ची, वास, नाव लिहिलेला कप, दोन तास बसलात तरी कोणी उठवत नाही ही हमी. कपाची किंमत त्यातूनच निघायची. २०१५ मध्ये अमेरिकाभर मोबाइल ऑर्डर सुरू झाली तेव्हाही सीईओ शुल्ट्झच होते. त्याच काउंटरवर आता दुसरा धंदा उभा राहिला: थांबायचं नाही, बोलायचं नाही, कप उचला आणि चालू पडा. अमेरिकेतले ३० टक्क्यांहून जास्त व्यवहार पुढे या वाटेनं यायला लागले. आपल्याकडच्या खानावळीत बसणारे मेंबर आणि बाहेर जाणारे डबे एकाच आचाऱ्यावर टाकले की काय होतं ते ज्यानं पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. डबे वेळेवर जातात, कारण त्यांची वेळ ठरलेली असते. बसलेला माणूस रिकाम्या ताटाकडे बघत राहतो.

नरसिंहन यांच्या हाती आलं ते हे. मार्च २०२४ ला संपलेल्या तिमाहीत अमेरिकेतल्या जुन्या दुकानांतले व्यवहार ७ टक्क्यांनी घटले, चीनमधल्या जुन्या दुकानांची विक्री ११ टक्क्यांनी. एका दिवसात शेअर सुमारे १६ टक्के आपटला. मे महिन्यात शुल्ट्झ यांनी लिंक्डइनवर जाहीर पत्र लिहून नेतृत्वाला दुकानांकडे लक्ष द्यायला सांगितलं. तोवर त्यांनी संचालक मंडळही सोडलेलं होतं, पण बोलायचे थांबले नव्हते. गंमत म्हणजे त्याच वर्षी एका मुलाखतीत मोबाइल ॲप हीच कंपनीची सगळ्यात दुखरी नस झाल्याचं तेच म्हणाले. ॲप आणलं कोणी, हे विचारणारं तिथे कोणी नव्हतं बहुतेक.

कटिंग_चालेल

लेख वाचला. तीनशे-साडेतीनशे रुपयांची कॉफी न पिण्याचं अजून एक कारण मिळालं, आभारी आहे.

मंदीतला_मोर

धागाकर्त्याशी निम्मा सहमत. पण नरसिंहन यांना इतकं सहज सोडू नका राव. हा माणूस १९ वर्षं मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत, मग पेप्सिको, मग रेकिट. सगळा अनुभव दुकानाच्या फळीवर ठेवायच्या मालाचा. साबण आणि चिप्स विकताना गिऱ्हाईक तुमच्यासमोर उभं नसतं. सकाळी साडेआठला पाच जण रजेवर आहेत आणि रांग दाराबाहेर गेलीय, हा प्रसंग त्यांच्या हाताखालून कधी गेलेलाच नव्हता. निकोल टाको बेल आणि चिपोटले या मेक्सिकन खाण्याच्या साखळ्यांतून आलेले. २०१५ मध्ये ई. कोलाय जंतूच्या साथीनं चिपोटलेचं नाव पार खराब झालं होतं. २०१८ मध्ये तिथे जाऊन त्यांनी ते सावरलं, तेही याच अमेरिकन गिऱ्हाइकाला समोर ठेवून.

दुसरं म्हणजे सवलती. विक्री घसरायला लागल्यावर ॲपवर ऑफरांचा मारा सुरू झाला. एकदा का गिऱ्हाइकाला शुक्रवारी निम्म्या किमतीत मिळतं हे कळलं की गुरुवारी ते येत नाही. निकोल यांनी आल्या आल्या आधी ऑफरा कमी केल्या. हे नरसिंहन यांनाही करता आलं असतं, तिथे शुल्ट्झ आडवे आले नव्हते.

सिएटलची_सर

इथे राहते म्हणून लिहिते, एरवी वाचनमात्र असते. 😊

शिकत असताना मी काउंटरमागे काम केलंय. वेगळी साखळी होती, नाव नको. बाहेरून न दिसणारी एक गोष्ट सांगते. प्रत्येक ऑर्डरचं एक स्टिकर छापलं जातं. समोर उभ्या माणसाचं स्टिकर आणि ॲपवरून आलेलं स्टिकर एकाच छोट्या मशीनमधून, एकाच पट्टीत बाहेर पडतं. आम्ही वाचायचो ते स्टिकर, माणूस नाही. तुमच्यापुढे रांगेत दोघंच दिसतात, पण तुमच्या स्टिकरच्या आधी अकरा स्टिकरं लोंबत असतात, आणि त्यांची माणसं अजून घरून निघालेलीसुद्धा नसतात. तुम्ही रागानं बघता, मी खाली मान घालून ओट मिल्क ओतते. पंधरा मिनिटांनी शेल्फवर सात कप बर्फ वितळत उभे.

त्यात थंड पेयं. स्टारबक्सच्या अमेरिकेतल्या पेयांच्या विक्रीत तीन चतुर्थांशाच्या आसपास वाटा थंड पेयांचा झालाय. मशीन्सची सगळी मांडणी गरम एस्प्रेसोच्या हिशेबानं केलेली, आणि हात मात्र सारखे बर्फात. कोल्ड फोम वेगळा फेटायचा, सिरपचे पंप मोजायचे, सरबत हलवायचं. कंपनीच अभिमानानं सांगायची की आमच्याकडे पेय १ लाख ७० हजार प्रकारे बनवून मिळतं. तो आकडा ऐकून काउंटरमागच्या कुणाला आनंद झाला असेल असं मला वाटत नाही.

@मंदीतला_मोर, नरसिंहन यांनी बरिस्ताचं, म्हणजे काउंटरवर कॉफी बनवणाऱ्याचं, प्रशिक्षण घेतलं होतं आणि महिन्यातून अर्धा दिवस दुकानात काम करणार असं जाहीरही केलं होतं. हेतूवर शंका नाही. पण सीईओ ॲप्रन घालून उभा असला की त्या दिवशी दुकानात माणसं पुरेशीच असतात.

फिल्टरवाला

@सिएटलची_सर, वाचनमात्र राहू नका हो ताई. स्टिकरांचा मुद्दा लाख मोलाचा. निकोल यांनी नेमका त्यालाच हात घातला. आता ऑर्डर आली त्या क्रमानं न करता कुणाची कधी करायची हे सॉफ्टवेअर ठरवतं, आणि दुकानात उभ्या माणसाला चार मिनिटांत कप द्यायचं उद्दिष्ट आहे. शिवाय दुकानांत माणसं वाढवायला त्यांनी ५० कोटी डॉलर काढले. नुसतं मशीन आणून भागेल, हा समज निदान सोडला. २०२२ ची शुल्ट्झ यांची योजना पाहिली तर भर मशीन्सवर जास्त होता.

कटिंग_चालेल

एक शंका. शुल्ट्झ परत परत येतात म्हणता, ते नक्की किती वेळा? आमच्याकडे निवृत्त झालेले साहेब असेच दर महिन्याला चहाला येतात.

फिल्टरवाला

@कटिंग_चालेल, सीईओ म्हणून तीनदा. २००० मध्ये पहिल्यांदा पायउतार झाले, ऑरिन स्मिथ आले, मग २००५ मध्ये जिम डोनाल्ड. २००७ च्या फेब्रुवारीत शुल्ट्झ यांनी, तेव्हा ते चेअरमन होते, डोनाल्ड यांना एक मेमो लिहिला आणि तो फुटला. धंदा शिकणाऱ्यानं तो अवश्य शोधून वाचावा, कारण त्यात तक्रारी अगदी बारीक आहेत. दहा वर्षांत हजाराच्या आतून १३ हजार दुकानांपर्यंत गेलो आणि त्या धावपळीत काय काय सोडलं, याचा पाढा. ऑटोमॅटिक मशीन्समुळे वेग वाढला, पण ती इतकी उंच की पलीकडचा बरिस्ता दिसेना. हवाबंद पिशव्यांमुळे बीन्स ताजे राहिले, पण दुकानातला कॉफीचा वासच गेला. प्रत्येक निर्णय तेव्हा बरोबर वाटला होता, असंही ते लिहितात.

जानेवारी २००८ मध्ये डोनाल्ड यांना काढून स्वतः परतले. २६ फेब्रुवारीला अमेरिकेतली ७१०० दुकानं संध्याकाळी तीनेक तास बंद ठेवली आणि सगळ्यांना एस्प्रेसो पुन्हा शिकवला. न्याहारीची सँडविचेस बंद करायचं ठरलं, कारण ओव्हनमध्ये जळणाऱ्या चीजचा वास कॉफीवर चढायचा. कृती बदलून ती नंतर परत आणली, कारण गल्ल्यात पैसे दिसत होते. त्याच वर्षी अमेरिकेतली ६०० दुकानं बंद करायचा निर्णय झाला, त्यातली बरीचशी नुकतीच उघडलेली. ऑस्ट्रेलियात ८४ पैकी ६१ ना कुलूप लागलं.

हे पुनरागमन यशस्वी झालं, आणि माझ्या मते तिथेच घात झाला. त्यानंतर कंपनीत अडचण आली की 'हॉवर्डना बोलवा' हेच उत्तर झालं. २०१७ मध्ये केव्हिन जॉन्सन आले, मायक्रोसॉफ्ट आणि जुनिपरमधले. माणूस तंत्रज्ञानाचा, त्यामुळे ॲप सुसाट. २०२२ मध्ये ते गेले, शुल्ट्झ पुन्हा हंगामी सीईओ. नरसिंहन यांना पाच-सहा महिने सोबत फिरवलं, पण पुढची योजना त्यांच्या येण्याआधीच मांडून ठेवलेली होती. ऑलिव्ह ऑइल घातलेली कॉफी आठवते? फेब्रुवारी २०२३ मध्ये इटलीत वाजतगाजत आणली ती शुल्ट्झ यांनी. दुकानांत ती पुढे रेटायची जबाबदारी नरसिंहन यांच्यावर. आणि निकोल आल्यावर दोन-तीन महिन्यांत अमेरिकेतून ती गायब.

आजीचा_मुरंबा

कॉफीत ऑलिव्ह ऑइल??? देवा.

सिएटलची_सर

हो. चव वाईट नव्हती, पोटाचं मात्र विचारू नका.

फिल्टरवाला, एक गोष्ट तुमच्याकडून राहिली, युनियन. डिसेंबर २०२१ मध्ये बफेलोच्या एल्मवूड ॲव्हेन्यूवरच्या दुकानानं मतदान करून युनियन आणली, आणि पाहता पाहता शेकडो दुकानं मागे गेली. शुल्ट्झ यांना हे जिव्हारी लागलं. त्यांचं लहानपण ब्रुकलिनच्या सरकारी वसाहतीतलं, वडील कामावर जायबंदी झाले तेव्हा घरात विमा नव्हता. त्यातूनच १९८८ मध्ये त्यांनी अर्धवेळ कामगारांनासुद्धा आरोग्य विमा दिला, आणि १९९१ पासून शेअर्स. अमेरिकेत तेव्हा हे फारसं कोणी करत नव्हतं. 'एवढं दिलं तरी युनियन का', हा त्यांचा प्रश्न मनापासूनचा असावा. पण विमा मिळायचा तर ठरावीक तास भरावे लागतात, आणि वेळापत्रक लावणारा कुणी दुसराच असतो. मार्च २०२३ मध्ये बर्नी सँडर्स यांच्या सिनेट समितीपुढे त्यांना उत्तरं द्यायला बसावं लागलं. त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी सीईओपद नरसिंहन यांच्याकडे गेलं होतं, ठरलेल्या तारखेच्या थोडं आधीच.

मंदीतला_मोर

युनियनबद्दल माझं मत वेगळं आहे, पण धागा भरकटेल म्हणून सोडतो.

निकोल यांच्याही आरत्या नकोत. २०२४ च्या आर्थिक वर्षात त्यांना मिळालेलं एकूण पॅकेज सुमारे साडेनऊ कोटी डॉलरचं. त्यातला मोठा भाग चिपोटले सोडताना बुडालेल्या शेअर्सची भरपाई, हे खरं, तरीही. मुख्यालय सिएटलला आणि साहेबांचं घर कॅलिफोर्नियात न्यूपोर्ट बीचला, म्हणून कंपनीचं विमान दिमतीला. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ऑफिसातल्या ११०० जागा कमी, सप्टेंबरात आणखी सुमारे ९००. गुंतवणूकदार म्हणून मला चालतं, पण 'पुन्हा आपलेपणा' अशी जाहिरात करताना हे शेजारी दिसतं.

तळटीप

कोणीच चीनबद्दल बोलेना म्हणून मी येतो. अमेरिकेत खुर्च्या परत आणल्या, सिरॅमिकचे मग आणले, दूध-साखरेचं टेबल परत मांडलं, कपावर मार्करनं दोन शब्द लिहायला लावले, ओट मिल्कचे जादा पैसे बंद केले, ठीक. पण चीनमध्ये यातलं काही लागू पडत नाही. १९९९ मध्ये बीजिंगला पहिलं दुकान टाकलं तेव्हा स्टारबक्सनं तिथे कॉफीची सवय लावली. २०१७ मध्ये लकिन ही चिनी कॉफी साखळी आली. बसायला जागा जेमतेम, ऑर्डर फक्त ॲपवर, आणि पुढे कप ९.९ युआनला. २०२० मध्ये हिशेबातला घोटाळा उघड झाला, नॅसडॅक या अमेरिकन शेअर बाजारातून हकालपट्टी झाली. सगळे धरून चालले की लकिन संपलं. २०२३ मध्ये चीनमधल्या विक्रीत त्यांनी स्टारबक्सला मागे टाकलं.

म्हणजे धागाकर्ते म्हणतात ते दोन धंदे चीनमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांनी केले, आणि पार्सलवाला जिंकला. नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारबक्सनं चीनच्या धंद्यातला ६० टक्क्यांपर्यंतचा हिस्सा बोयू कॅपिटल या गुंतवणूक कंपनीला द्यायचा करार जाहीर केला, धंद्याचं मोल ४०० कोटी डॉलर धरून. आठेक हजार दुकानांचा कारभार दुसऱ्याच्या हाती. धोरण म्हणून शहाणपणाचं असेल, पण पंधरा वर्षं 'चीन हाच पुढचा अमेरिका' ऐकवल्यावर हे पाहायला मिळालं.

आजीचा_मुरंबा

आणि भारत? आम्ही फोर्टात ऑफिसला असताना हॉर्निमन सर्कलला लागलेली रांग आठवते. एल्फिन्स्टन बिल्डिंग, ऑक्टोबर २०१२. लोक कॉफी प्यायला नाही, आत जाऊन आले हे सांगायला उभे होते. आत दगडी भिंती, उंच छत, फार सुंदर. कॉफी मला कडू लागली, पण मी चहाची.

तळटीप

@आजीचा_मुरंबा, भारतातला मामला सुरुवातीपासून निम्मा-निम्मा आहे, टाटांबरोबर. बीन्स टाटांचेच, कोडगूचे, त्यामुळे आयातीची कटकट नाही. इथे लकिनसारखा कोणी अजून तरी नाही, पण ज्याच्याशी खरी स्पर्धा आहे तो कोपऱ्यावरचा चहावाला. म्हणून २०२३ च्या सुमारास छोटा 'पिक्को' कप आला, फिल्टर कॉफी आली, मसाला चहा आला. २०२८ पर्यंत १००० दुकानं करणार असं टाटांनी २०२४ च्या सुरुवातीला जाहीर केलंय. मला ती घाई खटकते. जागेचं भाडं मुंबई-पुण्यात काय आहे ते सगळ्यांना माहितीये, आणि आपलं गिऱ्हाईक एका कपावर तीन तास लॅपटॉप उघडून बसतं. कॅफे कॉफी डेचीही तीच अडचण होती, टेबल भरलेलं आणि बिल छोटं. अर्थात तिचे संस्थापक सिद्धार्थ यांच्या कर्जांची गोष्ट वेगळी आणि जास्त दुःखद.

कटिंग_चालेल

तो लॅपटॉपवाला मीच. वायफाय चांगलं आहे.

फिल्टरवाला

@तळटीप, चीनचा मुद्दा मान्य, पण निष्कर्ष मी वेगळा काढतो. लकिन जिंकलं ते पार्सल म्हणून नाही, तर त्यानं जागा, भाडं, माणसं, किंमत सगळं एकाच धंद्याला धरून मांडलं म्हणून. स्टारबक्सनंही अमेरिकेत फक्त उचलून न्यायची दुकानं करून पाहिली होती. पहिलं २०१९ मध्ये न्यूयॉर्कला, पेन स्टेशनजवळ. ती वाढवली असती तर बसायची दुकानं मोकळी राहिली असती. निकोल यांनी २०२५ मध्ये तो प्रकारच गुंडाळायचं ठरवलं, कारण काय, तर ती दुकानं फार कोरडी वाटतात. अहो, कोरडीच हवी आहेत ज्यांना, त्यांना द्या की! माझा त्यांच्याशी मतभेद इथे आहे.

मंदीतला_मोर

नाही पटत. न्यूयॉर्कचे दोन-तीन चौक सोडले तर नुसत्या कपांवर तिथलं भाडं निघत नाही. आणि अमेरिकेत उचलून नेणारं गिऱ्हाईक मोटारीतून येतं, त्याला ड्राइव्ह-थ्रू आहे. ते आहे तुमचं वेगळं दुकान, फक्त त्याच भिंतीला खिडकी पाडून केलेलं.

सिएटलची_सर

पण खिडकीमागे माणसं तीच ना? हेडसेट घालून एक जण, आणि स्टिकरं त्याच पट्टीत.

मंदीतला_मोर

तेही खरं. असो. सप्टेंबर २०२५ च्या तिमाहीत जगभरातल्या जुन्या दुकानांची विक्री १ टक्का वाढली, सात तिमाहींनंतर पहिल्यांदा. अमेरिका जागच्या जागी. कुणाला हे पुनरुज्जीवन वाटतं, मला अजून नाही. विक्रीचा आकडा किंमत वाढवूनही फुगतो. मी तिमाहीच्या निकालात आधी व्यवहारांची संख्या उघडतो, त्यातही सकाळची गर्दी संपल्यानंतरची, दुपारची. बसणारं गिऱ्हाईक तेव्हा येतं. ती सलग चार तिमाही वर गेली तर निकोल यांच्या विमानाचा खर्च मी काढणार नाही.

कटिंग_चालेल

आणि नाही गेली तर शुल्ट्झ आहेतच.